जोडीदाराच्या तपासण्या, नातेवाइकांच्या भेटी आणि भटकंती : एकाच दौऱ्यात कसं बसवायचं?

पाऊलवाट

लांबच्या शहरात तज्ज्ञ डॉक्टर, तिथंच नातेवाईक, आणि आसपास बघण्यासारखी ठिकाणं. तिन्ही गोष्टी एकाच फेरीत करायच्या तर वेळापत्रक कसं मांडावं, यासाठी हा धागा. चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नमुना समोर ठेवते.

मुक्काम १४ दिवस. जोडीदाराचं वय साठीच्या पुढे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू, शिवाय लोहाची गोळी. ठरलेल्या गोष्टी : उपाशीपोटी रक्ततपासणी, कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावं म्हणून देतात ते औषध) देऊन पोटाचा सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी), डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि सगळे रिपोर्ट हातात घेऊन तज्ज्ञांची दुसरी भेट. नातेवाइकांची ४ घरं. बघायची ठिकाणं ३, त्यातलं एक दिवसभराचं.

क्रम कसा लावायचा? नातेवाइकांना किती आणि कसं सांगायचं? एखादी तारीख सरकली तर आख्खा बेत कोसळू नये म्हणून काय करायचं? 'डॉक्टरांना विचारा' हे उत्तर आहेच, पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं तेही कृपया लिहा.

कंदील

कॅलेंडरवर '११ वाजता सीटी' एवढंच लिहिलं की तिथंच घोळ सुरू होतो. ती अर्ध्या तासाची गोष्ट वाटते आणि उरलेला दिवस मोकळा दिसतो. प्रत्यक्षात दर तपासणीला मागचे तास असतात आणि पुढचे तास असतात. मागचे म्हणजे उपास, बंद ठेवायची गोळी, आधी लागणारा एखादा रिपोर्ट. पुढचे म्हणजे गुंगी, धूसर दिसणं, थकवा, कुणीतरी सोबत असण्याची गरज. हे मागचे-पुढचे तास कॅलेंडरवर रंगवून टाका आणि मग काय कोरं उरतं ते बघा. भेटी आणि भटकंती फक्त त्या कोऱ्या जागेतच.

अपॉइंटमेंट घेताना फोनवर चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्यायची. आधी किती तास काय खायचं-प्यायचं नाही? नेहमीच्या गोळ्यांपैकी कोणती, कधीपासून, कुणाच्या सल्ल्याने थांबवायची? झाल्यावर किती वेळ एकटं सोडायचं नाही, गाडी चालवायची नाही? रिपोर्ट कोणत्या दिवशी, किती वाजता हातात येईल?

यातला चौथा प्रश्न विचारायचा हमखास राहून जातो. मग दुसरी भेट येते आणि रिपोर्ट अजून प्रयोगशाळेतच असतो.

निळी_शाई

रक्ततपासणीपुरतं सांगते.

उपाशीपोटी म्हणजे साधारण ८ ते १२ तास. साधं पाणी चालतं, प्यावंच. पाणी कमी झालं की शीर सापडत नाही आणि दोनदा सुई टोचावी लागते. तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीला, म्हणजे एचबीए१सीला, उपास लागत नाही. त्यामुळे कागदावर फक्त तेवढंच असेल तर उगाच उपाशी ठेवू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन प्रयोगशाळेच्या रांगेत बसणं धोक्याचं. 'नमुना दिल्यावर, खाण्याबरोबर घ्यायची का?' हे आधीच विचारून ठेवा. सकाळची पहिली वेळ मागा. ९ ची वेळ १०:३० वर गेली की साखर उतरू लागते.

थायरॉइडची तपासणी असेल आणि केसा-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान २ दिवस आधी त्या थांबवायला सांगतात. बायोटिनमुळे काही पद्धतींत आकडे चुकीचे येतात, मग डॉक्टर पुन्हा तपासणी करायला सांगतात आणि एक आख्खी सकाळ हातची जाते.

ग्लुकोज टॉलरन्स, म्हणजे ग्लुकोजचं पाणी पाजून साखर मोजायची चाचणी असेल तर पहिल्या नमुन्यापासून २ तास तिथंच शांत बसायचं असतं. 'तेवढ्यात समोरचं संग्रहालय बघून येऊ' असं करू नका. चालण्याने साखर वापरली जाते आणि आकडा बदलतो.

गवतफूल

२४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली असेल तर काय? तो दिवस बाहेर जाता येतं का?

निळी_शाई

गवतफूल, तो दिवस घरचाच धरा. पद्धत अशी : सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ डब्यावर लिहायची, समजा ७. तिथून पुढची प्रत्येक वेळची लघवी डब्यात. दुसऱ्या दिवशी बरोबर ७ वाजता शेवटची, तीही डब्यात. डबा थंड जागी ठेवायचा. काही तपासण्यांसाठी डब्यात आधीच आम्ल घातलेलं असतं, तो आतून विसळू नका. मधली एक जरी वेळ बाहेरच्या स्वच्छतागृहात गेली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

असंच भान क्षयाच्या त्वचा-चाचणीला, म्हणजे मॅन्टूला ठेवा. इंजेक्शन आज दिलं तर वाचन ४८ ते ७२ तासांच्या आतच व्हावं लागतं. गुरुवारी टोचून घेतलं आणि वाचायला शनिवार-रविवार दवाखाना बंद असला की चाचणी वाया गेली. मधल्या दिवसांत फिरायला हरकत नाही, फक्त परत यायची वेळ पक्की हवी.

दोन_प्रहर

डोळ्यांच्या तपासणीला लोक फार हलक्यात घेतात. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम साधारण ४ ते ६ तास राहतो, काहींना त्याहून जास्त. जवळचं वाचता येत नाही, उजेड खुपतो, पायऱ्यांची कड नीट दिसत नाही. त्या दिवशी दुपारनंतर किल्ला, धबधबा, संग्रहालय यातलं काहीही नको. आणि गाडी त्यांनी चालवायचीच नाही. काळा चष्मा आणि कडा असलेली टोपी बरोबर ठेवा.

डोळ्यांची वेळ दुपारची मागा. सकाळ एखाद्या भेटीला मिळते, तपासणीनंतर थेट घरी, आणि रात्री झोपेतच परिणाम उतरतो.

पडद्याची रंगद्रव्य देऊन अँजिओग्राफी झाली तर काही तास त्वचा पिवळट दिसते आणि साधारण दिवसभर लघवी गडद पिवळी-नारिंगी होते. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर संध्याकाळी भेटायला आलेल्या काकू चेहरा बघून कावीळच ठरवतील आणि घरभर धावपळ.

कंदील

सीटीबद्दल. कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी किडनीचं काम कसं आहे ते बघतात, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाज). म्हणून रक्त आधी, सीटी नंतर, आणि मध्ये रिपोर्ट हातात येण्याइतकं अंतर. हा क्रम उलटा झाला की सीटीच्या टेबलाजवळून परत पाठवतात.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. किडनी नीट चालत असेल तर बऱ्याच ठिकाणी ती बंद करायला सांगत नाहीत. ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा किडनीला नुकताच धक्का बसला असेल तर सीटीपासून ४८ तास थांबवून, किडनी पुन्हा तपासून मगच सुरू करतात. ही गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका. सीटी विभागाला विचारा. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल तर ते वेळ ठरवतानाच सांगायचं, टेबलावर झोपल्यावर नाही.

सीटीनंतर दिवसभर पाणी भरपूर. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल त्यांनी मात्र प्रमाण विचारून.

उंबरठा

कोलोनोस्कोपीवर सविस्तर लिहितो, कारण सगळा दौरा याच एका गोष्टीभोवती फिरतो.

तयारी दोन-तीन दिवस आधीच सुरू होते. त्या दिवसांत बिया, साली, कच्च्या भाज्या, सालीसकट धान्यं बंद. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ : पाणी, गाळलेला रस, दूध न घातलेला चहा. लाल-जांभळ्या रंगाचं काही नको, आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. पाऊलवाट, तुमच्या नमुन्यात लोहाची गोळी आहे, म्हणजे हा निर्णय घरून निघायच्या आधीच व्हायला हवा.

आता जुलाबाचं औषध. ते बहुधा दोन हप्त्यांत देतात, निम्मं आदल्या संध्याकाळी आणि निम्मं त्याच दिवशी, तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपेल असं. तपासणी सकाळी ८ ची असेल तर मध्यरात्रीनंतर उठून प्यावं लागतं. म्हणून शक्य तर ११ च्या सुमाराची वेळ घ्या. औषध थंड करून, नळीने, जिभेच्या मागच्या बाजूला ओढत प्यायलं तर चव कमी लागते. दर १०-१५ मिनिटांनी एक पेला. मळमळ झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा. शेवटी बाहेर पडतं ते फिकट पिवळं आणि आरपार दिसेल इतकं पातळ असायला हवं. गढूळ, तपकिरी असेल तर निघण्याआधी फोन करा. अर्धवट साफ झालेल्या आतड्याची तपासणी अर्धवटच होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

आदल्या संध्याकाळी स्वच्छतागृह फक्त तुमच्यासाठी मोकळं हवं. एकच स्वच्छतागृह असलेल्या नातेवाइकांच्या घरी ही रात्र काढणं सगळ्यांनाच अवघड जातं. ती एक रात्र वेगळी खोली घ्यायची ठरवली तर नातेवाइकांना खरं कारण सांगा, कुणी वाईट वाटून घेणार नाही.

गुंगीचं इंजेक्शन दिलं तर २४ तास गाडी नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही, एकटं राहणं नाही. शुद्धीवर आल्यासारखे बोलतात, हसतात, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते संध्याकाळी त्यांना आठवत नाही. म्हणून ऐकायला आणि लिहून घ्यायला सोबतच्या माणसानेच थांबायचं. तेवढ्या वेळात खरेदीला जायचं नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती थांबवायची की नाही हे ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मधुमेहासाठी किंवा वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं, आणि गुंगी देताना हे माहीत असणं महत्त्वाचं.

गवतफूल

आतड्यात वाढलेला कोंब, म्हणजे पॉलिप, काढला तर दुसऱ्या दिवशी फिरायला जाता येतं?

उंबरठा

लहान असेल तर हलकं चालणं-फिरणं चालतं. पण काढलेल्या जागेतून उशिरा, अगदी दोन आठवड्यांपर्यंत, रक्तस्राव होऊ शकतो. वारंवार होतं असं नाही, पण होतं तेव्हा दवाखाना जवळ लागतो. म्हणून पुढचे काही दिवस तासाभरात मोठं रुग्णालय गाठता येईल अशाच ठिकाणी जा. डोंगरातला मुक्काम, जहाज, लांबचा विमानप्रवास याबद्दल कोंबाचा आकार सांगून डॉक्टरांना थेट विचारा : 'इतक्या तारखेला प्रवास आहे, चालेल का?' पोट घट्ट होणं, ताप, सतत रक्त जाणं यातलं काहीही झालं तर बेत बाजूला ठेवून सरळ रुग्णालय.

सांजवारा

आता माणसांबद्दल. तपासण्यांचं गणित एकदा जमतं, दमछाक होते ती भिडेखातर केलेल्या भेटींनी.

आजाराबद्दल कुणाला किती सांगायचं हे रुग्णाने ठरवायचं, जोडीदाराने नाही. निघण्यापूर्वी दोघांनी बसून तीन गट करा : सगळं माहीत असणारे, 'तपासणी आहे' एवढंच माहीत असणारे, आणि काहीच न सांगायचे. हे ठरलं नाही की एका घरात बोललेलं दुसऱ्या घरात आधी पोहोचतं, आणि ज्याचा आजार त्यालाच तो दहा जणांकडून ऐकावा लागतो.

निघायच्या ८-१० दिवस आधी सगळ्यांना एकच निरोप पाठवा. मजकूर साधा असू द्या : 'आम्ही अमुक तारखेपासून तमुकपर्यंत आहोत. काही तपासण्या असल्यामुळे मोजकेच दिवस मोकळे आहेत. तुमच्याकडे या दिवशी संध्याकाळी ५ ते ६:३० येऊ. त्या दिवशी थकवा असला तर सकाळी कळवू आणि दुसरा दिवस ठरवू.' यात निघायची वेळ लिहिलेली आहे, ती गाळू नका. येण्याची वेळ सगळेच सांगतात. निघण्याची सांगितली नाही की रात्रीचे ११ वाजतात.

चार घरं चार दिवशी करण्यापेक्षा एका घरी सगळ्यांना बोलवा, किंवा मुक्कामाच्या जागी त्यांनाच येऊ द्या. जो थकलेला आहे त्याला आपल्या खोलीत जाऊन पडता येतं हा त्यातला मोठा फायदा. दुसऱ्याच्या घरात 'जरा पडतो' म्हणायला फार कमी जणांची जीभ उचलते. दोघांत एक खूण ठरवून ठेवा, एखादा शब्द, की तो आला की सोबतच्याने उठायचं आणि निरोप घ्यायचा.

आणि 'काही मदत हवी का?' विचारणाऱ्यांना नेमकं काम द्या. मंगळवारी १० ते २ सोबत बसणं, रिपोर्ट आणणं, स्टेशनवर सोडणं. लोकांना खरंच करायचं असतं, फक्त काय करायचं ते कळत नसतं.

पाऊलवाट

खूप मोलाचं लिहिताय सगळे. माझा पहिला आराखडा टाकते, चुका दाखवा.

पहिला दिवस पोहोचणं. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त, दुपारनंतर दोन घरं. तिसऱ्या दिवशी सीटी, संध्याकाळी तिसरं घर. चौथ्या दिवशी कोलोनोस्कोपी, रात्री चौथ्या घरी जेवण. पाचवा दिवस दिवसभराचं ठिकाण. सहाव्या दिवशी सकाळी डोळे, दुपारी संग्रहालय. सातव्या दिवशी तज्ज्ञांची दुसरी भेट. पुढचे सात दिवस मोकळे, जमेल तसं फिरणं.

कंदील

तिसरा दिवस बघा. दुसऱ्या दिवशी कोलोनोस्कोपी म्हणजे तिसरा दिवस फक्त पातळ पदार्थांचा आणि संध्याकाळ औषध पिण्याची. त्या संध्याकाळी कुणाच्याही घरी जाता येणार नाही. शिवाय एकाच दिवशी कॉन्ट्रास्टही आणि जुलाबही; शरीरातलं पाणी कमी होतं तेव्हाच किडनीवर भार. मध्ये निदान दोन दिवस ठेवता येतात का ते डॉक्टरांना विचारा. पोटात बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध) घेऊन केलेली एखादी तपासणी यादीत असेल तर ती या दोन्हींच्या नंतर. बेरियम आत राहिलं तर सीटी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही बिघडतात.

उंबरठा

चौथ्या रात्रीचं जेवण रद्द करा आणि पाचव्या दिवसाचा लांबचा बेतही. आणि सातव्या दिवशीच्या भेटीला काय घेऊन जाणार? आतड्यातून तुकडा तपासायला पाठवला तर त्याच्या रिपोर्टला बहुधा कामाचे ५ ते ७ दिवस लागतात. रिपोर्टशिवाय झालेली भेट म्हणजे पुन्हा एक भेट. कोलोनोस्कोपी आधी उरकणं बरोबर आहे, पण तिचा रिपोर्ट येईपर्यंतचा काळ, तोच तुमचा फिरण्याचा काळ.

दोन_प्रहर

डोळे आणि संग्रहालय एका दिवशी! वर लिहिलंय तेच पुन्हा. आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ : लांबच्या प्रवासातून रात्री उशिरा पोहोचून, पाणी कमी प्यायलेलं, झोप अपुरी, त्यात उपास. तिसऱ्या दिवशी रक्त द्या.

मळवाट

माझं मत थोडं वेगळं आहे. आधी सगळं दवाखान्याचं संपवायचं आणि मग निवांत फिरायचं, म्हणजे डोक्यावर टांगती तलवार नको. शेवटचे सात दिवस मोकळे ठेवण्यात चूक काय?

सांजवारा

मळवाट, मन मोकळं असावं हे खरं. पण दुसऱ्या भेटीत डॉक्टर 'अजून एक तपासणी करू' म्हणण्याची शक्यता नेहमी असते, आणि मग सगळ्यात आधी रद्द होतात ती शेवटी ठेवलेली ठिकाणं. रिपोर्टची वाट बघत घरात बसून राहण्यातही ताण असतोच. जे ठिकाण रुग्णाच्या मनात पहिलं आहे ते मधल्या चांगल्या दिवसात करून घ्यावं. शेवटचे दोन दिवस मात्र कोरे ठेवावेत, तिकीट-आरक्षण काहीही न करता.

मळवाट

पटलं. मग भटकंतीबद्दल माझ्याकडची भर घालतो.

आठवड्यात दोन मोठी ठिकाणं पुरे. एका दिवशी एकच मुख्य गोष्ट : तपासणी, भेट किंवा ठिकाण. ठिकाण निवडताना अंतरापेक्षा चढ, पायऱ्या, सावली, बसायला बाक, आणि स्वच्छतागृह दर किती अंतरावर आहे हे बघा. उघडतं त्या वेळेला पोहोचा आणि ऊन तापायच्या आत निघा. थकल्यावर परतायचं नाही. निम्मी ताकद शिल्लक असतानाच परत फिरायचं, कारण परतीचं अंतर तेवढंच असतं. चाकाची खुर्ची कधी न वापरणाऱ्यांनाही मोठ्या संग्रहालयात ती घेणं सोयीचं पडतं. बऱ्याच ठिकाणी मागितली की मिळते. तिकिटं परत करता येतील किंवा तारीख बदलता येईल अशीच काढा, थोडी महाग पडली तरी.

लघवी जास्त होणारी गोळी, फ्युरोसेमाइडसारखी, चालू असेल तर लोक फिरायच्या दिवशी ती चुकवतात. पाय सुजतात, रात्री दम लागतो. चुकवायची नाही, त्या दिवशी परत आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे आधी विचारून ठेवायचं.

गवतफूल

केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असणाऱ्यांचं गणित वेगळं असेल ना?

निळी_शाई

पूर्ण वेगळं. केमोचं चक्र २१ दिवसांचं असेल तर पांढऱ्या पेशी बहुधा ७ ते १४ व्या दिवसांत सगळ्यात खाली असतात. तो आठवडा गर्दीचा नाही, सर्दी झालेल्या नातवंडांचाही नाही. तिसरा आठवडा भेटीगाठींसाठी त्यातल्या त्यात बरा. औषधानुसार हे बदलतं, म्हणून 'पेशी कधी खाली जातील?' हे तारखेनुसार विचारा. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट झाला की तापाची गोळी घेऊन वाट बघायची नाही, रात्र असली तरी रुग्णालय. तापमापक आणि कर्करोग विभागाचा रात्रीचा क्रमांक खिशात हवा.

पेट स्कॅनच्या (किरणोत्सारी साखर टोचून काढतात त्या चित्राच्या) आदल्या २४ तासांत दमवणारं चालणं नको, स्नायू साखर ओढून घेतात आणि चित्र बिघडतं. म्हणजे डोंगर चढायचा बेत आदल्या दिवशी नको. स्कॅननंतर काही तास तान्ह्या बाळाला मांडीवर घेणं आणि गरोदर सुनेच्या शेजारी बसणं टाळायला सांगतात. किती तास, ते विभागात लिहून मागा. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं असेल तर हेच अंतर काही दिवसांचं होतं. त्या दौऱ्यात लहान मुलांच्या घरी मुक्काम नकोच. विमानतळावरच्या यंत्रालाही ते आठवडे उलटल्यावरही जाणवू शकतं, तेव्हा रुग्णालयाचं पत्र बरोबर ठेवा.

कंदील

डायलिसिस बहुधा आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तासांच्या आसपास. दुसऱ्या गावी करायचं तर काही आठवडे आधी केंद्राशी बोला. ते मागतात : हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, कोरडं वजन (जादा पाणी काढल्यावरचं), सध्याची पद्धत, रक्त काढायला फिस्टुला (हातातली जोडलेली शीर) आहे की कॅथेटर (नळी), चालू औषधं. एक वेळ चुकवून फिरायला जाणं जीवावर बेतू शकतं. आठवड्यातलं दोन दिवसांचं लांब अंतरही आधीच जड असतं, ते वाढवू नका. भेट ठेवायची तर डायलिसिस नसलेल्या दिवशी. आणि भेटीत पाण्याचा, पेयाचा आग्रह होतो. यजमानांना आधीच सांगा की दिवसाचं पाणी मोजून आहे.

ते ४ तास सोबतच्या जोडीदाराचे असू शकतात. एखादा नातेवाईक तिथं बसला तर जोडीदाराने जाऊन यावं, झोपावं, एखादं ठिकाण बघावं. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. सांभाळणारा माणूस आठव्या दिवशी आजारी पडला तर सगळाच दौरा थांबतो.

उंबरठा

प्रवासाच्या पिशवीबद्दल थोडक्यात. औषधं मूळ पाकिटात, मुक्कामापेक्षा निदान ५-७ दिवसांची जास्त, दोन पिशव्यांत विभागून. इन्सुलिन विमानात सामानाच्या डब्यात टाकू नका, तिथं गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. औषधांची यादी कंपनीच्या नावाने नको, मूळ औषधाच्या नावाने आणि मिलिग्रॅमसकट. परदेशात असाल तर झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर तिथं बंधन आहे का ते त्या देशाच्या दूतावासाकडून तपासा. सीटी-एमआरआयची चित्रं डिस्कवर आणि कागदी रिपोर्ट वेगळा. नव्या डॉक्टरांना चित्रंच बघायची असतात. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड.

४ तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो, नुकत्याच झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जास्तच. दर तासाला उठणं, बसल्या जागी टाचा-चवडे वर-खाली करणं. नवीन प्लास्टर असेल तर २ तासांपर्यंतच्या विमानप्रवासाआधी २४ तास आणि त्याहून लांबच्या आधी ४८ तास थांबावं लागतं. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा फुगा सोडला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान बंद, उंच घाटातला प्रवासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब इतका वाढतो की दृष्टी जाऊ शकते.

परदेशात जाताना प्रवास विम्यात आधीचे आजार लिहून घ्या. रिपोर्ट यायचा बाकी आहे हेही लपवू नका. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि दावा नाकारला जातो.

पाऊलवाट

सगळं वाचून नवा आराखडा केला. तारखा सगळ्या डॉक्टरांना दाखवूनच पक्क्या करायच्या.

लोहाची गोळी घरूनच, सल्ल्याने बंद. दिवस १ पोहोचणं, दिवस २ विश्रांती, संध्याकाळी सर्वांत जवळचं घर, तासभर. बिया-साली त्याच दिवसापासून बंद, हे त्या घरी आधीच कळवायचं. दिवस ३ सकाळी पहिल्या वेळेला रक्त, त्यात क्रिएटिनिन. दिवस ४ पातळ पदार्थ, बाहेर काही नाही. दिवस ५ साडेअकराला कोलोनोस्कोपी. दिवस ६ घरीच, भेटायचं असेल त्यांनी इकडे यायचं. दिवस ७ सीटी. दिवस ८ दुसरं घर. दिवस ९ दिवसभराचं ठिकाण, मोठं रुग्णालय तासाभराच्या आत आहे हे बघूनच. दिवस १० सकाळी तिसरं घर, दुपारी ४ ला डोळे. दिवस ११ संग्रहालय, उघडतानाच. दिवस १२ दुसरी भेट, आदल्या दिवशी फोन करून तुकड्याचा रिपोर्ट आला का ते विचारून. दिवस १३ कोरा. काही निघालं नाही तर चौथं घर. दिवस १४ परतणं. तिसरं ठिकाण यादीतून काढलं.

एकच शंका. चौथ्या दिवशी पातळ पदार्थांवर असताना साखर उतरली तर? गोड काही दिलं तर तयारी बिघडेल ना?

निळी_शाई

बिघडणार नाही. गाळलेला फिकट रस किंवा साखरपाणी पारदर्शकच असतं. ग्लुकोमीटर जवळ ठेवा, त्या दिवशी ३-४ वेळा आणि हात थरथरला, घाम आला की लगेच तपासा. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण ३ सपाट चहाचे चमचे पाण्यात विरघळवून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. तरी ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच. घेतलं ते आणि वेळ कागदावर लिहा, सकाळी नर्सला दाखवा. गिळता येत नसेल, बरळत असतील तर तोंडात काही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. सल्फोनिल्युरिया गटातली गोळी, ग्लिमेपिराइडसारखी, किंवा इन्सुलिन असेल तर पातळ पदार्थांच्या दिवशीचा डोस बहुधा कमी करतात किंवा थांबवतात. हा आकडा निघण्याआधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

तिसऱ्या दिवशीच्या उपाशी रक्ततपासणीतही हेच. साखर उतरली तर आधी साखर द्यायची. रक्त दुसऱ्या दिवशी देता येतं, आणि क्रिएटिनिनला उपास लागत नाही, त्यामुळे सीटीची तारीख त्याने हलणार नाही.